धान्यवाल्यांचं जुन्नर

नाणेघाटाची चढण

बैलांच्या मागे राहा. पुढे जायची घाई केलीत तर शिंग लागेल, कडेला सरलात तर पाय दरीत जाईल. लादलेला बैल जेमतेम निघेल एवढीच वाट आणि तिच्या पायऱ्या काळ्या कातळातच खोदलेल्या. पायथ्याच्या वैशाखऱ्याच्या रानातून निघून तुम्हाला दोन-अडीच तास झालेत. पोटऱ्या भरून आल्यात, घसा कोरडा पडलाय. मागून तांड्याचा म्होरक्या ओरडतो, "पाव्हणं, पाय आडवा टाका! उभा टाकला की सटकतोय." तुम्ही पाय आडवा टाकता. खरंच, आता घसरत नाही.

काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. राज्य सातवाहनांचं. तुमच्या पुढच्या बैलांवर मिठाच्या गोण्या आहेत, सुक्या मासळीचा वास सगळ्या वाटेवर पसरलाय. त्यापुढच्या जनावरांवर कल्याणच्या बंदरात उतरलेला माल आहे: तांबं, शिसं, पोवळं, काचेचे कच्चे गोळे. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात पश्चिम किनाऱ्यावर काय उतरतं आणि काय चढतं याची लांबलचक यादी आहे. त्या यादीतला माल कोकणातून देशावर न्यायचा तर सह्याद्री चढावाच लागतो, आणि चढायचा तर या खिंडीसारखी दुसरी सोयीची वाट जवळपास नाही. इथून वर गेलं की जुन्नर, तिथून पुढे गोदावरीकाठचं पैठण.

माथा जवळ आला की वाटेच्या कडेला पाण्याची टाकी लागतात. कातळात खोदलेली, गार पाण्याची. आधी बैल पितात, मग माणसं. तुम्हीही ओंजळ भरून प्या आणि मग डाव्या-उजव्या बाजूला बघा. खिंडीच्या तोंडाशीच एक प्रशस्त दालन कोरलेलं आहे. आत भिंतीलगत बसायला दगडी ओटे आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत: सिमुक, सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका, राजकुमार, महारठी. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलंय. नीट बघून घ्या. तुमच्या काळात इथे फक्त पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरणार आहेत.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत मोठा लेख आहे. तो तुमच्या तांड्यातल्या लोकांनाही जुनाच वाटतो, कारण नागनिकेला जाऊन तेव्हाच खूप वर्षं झालेली. लेखाच्या सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. मग यज्ञांची नावं आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा: इतक्या गायी, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी कार्षापण नाणी. हे आकडे अंकांत कोरलेत. भारतात अंक लिहिण्याच्या पद्धतीचे जे अगदी जुने पुरावे आहेत त्यांत या भिंतीचं नाव घ्यावंच लागतं. राणीने आपल्या घराण्याचा हा सगळा हिशेब राजवाड्यात न कोरता घाटात कोरला. त्याचं कारण तुमच्या आजूबाजूला बसलंय. दम खात बसलेले हे व्यापारी, हमाल, बैलवाले उद्या जुन्नरला आणि त्यानंतर पैठणला पोचतील. जे वाचतील ते पुढे सांगतील. आपली कीर्ती दूरवर जायची असेल तर ती बाजाराच्या वाटेवरच ठेवली पाहिजे, हे त्या घराण्याला पक्कं ठाऊक होतं.

उठा आता. खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडाचा भलामोठा रांजण आहे. घाटाची जकात यातच टाकत, असं इथली माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आलीत. म्होरक्या कनवटीचं नाणं काढतो, तुम्हीही काढा. जकात दिल्यावर वाट पठारावर येते. उजवीकडे जीवधनचा कडा आणि त्याच्या शेजारी सुटा उभा असलेला वानरलिंगीचा सुळका दिसतो. वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटा मात्र ऐकू येत राहतात. त्यांच्या मागोमाग चला.

श्रेणींची पेठ

जुन्नर खोऱ्यात वसलंय आणि चारही अंगांना डोंगर आहेत. तुम्ही पोचता तेव्हा ऊन चढलेलं असतं. पेठेत शिरताच आधी धान्याचा धुरळा नाकात जातो. भाताच्या, बाजरीच्या, तिळाच्या राशी, आणि राशीमागे मापं घेऊन बसलेली माणसं. ती एकेकटी दिसतात, पण एकेकटी नाहीत. धान्यवाल्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा बांधलेला संघ. त्याला आपले नियम आहेत, गावात पत आहे, आणि लोक त्याच्याकडे विश्वासाने पैसा ठेवतात.

थोडा तांदूळ घ्या आणि धान्यवाल्याच्या तळहातावर एक चांदीचं नाणं ठेवा. तो ते लगेच गल्ल्यात टाकत नाही. अंगठ्याने फिरवतो, उजेडाकडे धरतो. त्याच्या खांद्यावरून तुम्हीही बघा. नाण्यावर एका राजाचा चेहरा आहे. नाक सरळ, कपाळ मोठं, कडेने ग्रीक वळणाची अक्षरं. हा क्षहरात घराण्यातला नहपान. पण त्याच्या गालावरूनच दुसरा ठसा मारलाय: तीन कमानींचा डोंगर आणि भोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. नाणं उलटा. तिकडे बाण आणि वज्र होतं, त्यावर आता उज्जैनी चिन्ह बसलंय. जुनी अक्षरं नव्या ठशाखालून अजून डोकावतात. धान्यवाला नाणं दगडावर वाजवतो, चांदीचा आवाज ऐकतो, आणि मग तुमच्या पदरात तांदूळ ओततो. दोन राजे एकमेकांवर चढलेले असले तरी वजन तेवढंच आहे, त्यामुळे व्यवहार पुरा होतो.

हे नाणं कल्पनेतलं नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा ठसा मारला होता. सत्ता पालटली म्हणून त्याने शत्रूची चांदी वितळवली नाही. ठसा मारून तीच पुन्हा बाजारात सोडली. लोकांचे व्यवहार थांबू नयेत, याला तेव्हाही किंमत होती.

आता पलीकडच्या ओट्यावर बसा. एक माणूस श्रेणीच्या मुखियाशी बोलतोय. त्याला दान द्यायचंय, पण रक्कम भिक्षूंच्या हातात द्यायची नाहीये. ती तो श्रेणीकडे ठेवणार. मूळ रक्कम कधी मोडायची नाही, व्याजातून दान चालू ठेवायचं. या पद्धतीचा नेमका हिशेब नाशिकच्या लेण्यात मिळतो. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचं व्याज महिन्याला वीस होतं, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैशापर्यंत जुळतो. राजाच्या जावयानेही आपलं पुण्य विणकरांच्या पेढीवर ठेवावं, एवढी त्या पेढीची पत होती.

जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरही असेच लेख आहेत. कोणी शेतजमीन दिली, कोणी आंब्याची झाडं, कोणी करंजाची, आणि ते उत्पन्न सांभाळायचं काम कासारांच्या नाहीतर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे सोपवलं. टोपल्या विणणाऱ्या माणसांवर एखाद्या धर्मसंस्थेचा कायमचा खर्च सोपवला जावा, यातून त्या माणसांचं गावातलं स्थान कळतं. बाजार उठायच्या आत ही गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढे जे दिसणार आहे ते हिच्यावर उभं आहे.

डोंगरात कोरलेली नावं

छिन्नीचा आवाज येतोय ना? त्या दिशेने चला. गावाच्या दक्षिणेला मानमोडी, पश्चिमेला शिवनेरी आणि तुळजा लेणं, उत्तरेला कुकडी नदी ओलांडून लेण्याद्री. सगळीकडे डोंगर पोखरण्याचं काम चालू आहे. पुढे मोजायला बसाल तर या एका गावाभोवती दोनशेच्या आसपास लेणी भरतील. महाराष्ट्रात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे नाहीत.

काम कसं चालतं ते जवळून बघा. कारागीर वरून खाली येतात. आधी छत सुटं करायचं, मग भिंती, आणि जमीन सगळ्यात शेवटी. म्हणून पाडाची गरज फार थोडी, पण चूक झाली तर ती भरून काढायला दुसरा दगड नाही. मुख्य दालनाच्या आधी पाण्याचं टाकं खोदतात किंवा दोन्ही बरोबर सुरू करतात. इथल्या लेखांत टाक्यांचं दान वेगळं नोंदवलेलं असतं, कारण उन्हाळ्यात या कातळावर पाणी देणारा माणूस राजापेक्षा मोठा.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहाच्या दारावर लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा (सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा) मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दिलं. कल्याणहून तुम्ही जी वाट चढून आलात तीच त्याची वाट. आत शिरा. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि वाघ, टोकाला स्तूप. बंदरातल्या व्यापाराचा पैसा घाट चढून इथवर आला आणि दगडात मुरला.

यवनांनीही (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक) इथे दानं दिलीत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूसंघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीवरच्या चैत्यगृहाचं दर्शनी काम करवून घेतलं. समुद्रापलीकडचं रक्त असलेली ही माणसं प्राकृतात आपलं नाव कोरून घेतात आणि संघाला जेवायला जागा देतात. जवळच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. तो मोठा अधिकारी, त्याने मंडप आणि टाकं दिलं. त्याचा लेख आणि व्यापाऱ्यांचे लेख एकाच डोंगरात आहेत. उंची-खोलीचा फरक काही नाही.

आणि आता तो लेख, ज्याच्यासाठी तुम्हाला इथवर आणलं. तो अगदी छोटा आहे. धान्यवाल्यांच्या श्रेणीचं दान: सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं. बस्स, एवढंच. त्यात कुणा एकाचं नाव नाही, राजाची स्तुती नाही, युद्धाचा उल्लेख नाही. सकाळी ज्याने तुमचं नाणं दगडावर वाजवून घेतलं त्याच्यासारख्या माणसांनी मिळून दर हंगामात थोडं थोडं बाजूला ठेवलं असणार, आणि त्यातून सात भिक्षूंना पावसाळ्यात डोकं टेकायला जागा झाली. इतिहासाची पुस्तकं उघडली की राजांच्या वंशावळी आधी येतात. जुन्नरच्या कातळावर मात्र धान्य मापणारा माणूस स्वतःच्या धंद्याच्या नावाने उभा आहे. हे बघितल्याशिवाय जुन्नर बघितलं असं होत नाही.

पहिली फेरी: चिखलातलं शहर

तुळजा लेण्यात या. गावाच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत एक गोल चैत्यगृह आहे. बारा अष्टकोनी खांब गोलाकार उभे, मधोमध स्तूप, वर घुमट. अशी गोल रचना फार दुर्मीळ. खांबांच्या बाहेरून स्तूपाला एक फेरी घाला. कातळावरून हात फिरवत चला. फेरी पुरी झाली की बाहेर बघा.

मुसळधार पाऊस. साल १४७०च्या आसपास. राज्य बहमनींचं. लेण्यांत भिक्षू नाहीत, टाकी मात्र काठोकाठ भरलीत. खाली उतरून पेठेत जा. पाय घोट्यापर्यंत चिखलात जातो. सराईच्या पडवीत एक गोरा, दाढीवाला माणूस बसलाय आणि समोरच्या घोड्याकडे काळजीने बघतोय. हा अफनासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला व्यापारी. वाटेत लुटला गेला, तरी परत न फिरता इराणमार्गे होर्मुझला आला, तिथून जहाजाने चौलला. चौलमध्ये त्याची गोरी कातडी बघायला लोक मागेमागे चालत. आता तो पायी घाट चढून जुन्नरला आलाय. त्याच्याबरोबर एक उमदा घोडा आहे. इथवर आणेपर्यंत त्यावर शंभर रूबल खर्च झालेत. हिंदुस्थानात चांगले घोडे पैदा होत नाहीत, इथल्या सुलतानांना ते समुद्रापलीकडून लागतात, हे ऐकूनच त्याने हा डाव मांडलाय.

त्याची वही उघडी आहे. त्यात लिहिलंय की जुन्नरचं ठाणं एका प्रचंड खडकावर आहे, तो माणसाने रचलेला नाही, देवाने घडवलाय. वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं बरोबरीने जाऊ शकत नाहीत. मान वर करा, पावसाच्या पडद्याआड शिवनेरीचा कडा दिसेल. इथे चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असतो, याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, हेही त्याने टिपलंय. घोड्यांना हरभरा आणि खिचडी घालतात, तेही. व्यापारी आहे, त्यामुळे त्याची नजर आधी भाव, चारा आणि वाटेकडे जाते.

तेवढ्यात असदखान या सुभेदाराची माणसं येतात आणि घोडा सोडून नेतात. अट अशी: धर्म बदलून मुसलमान हो, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही. नाही बदललास तर घोडाही जाईल आणि दंडही भरावा लागेल. चार दिवसांची मुदत. निकितिन पार खचतो. अखेर एक खुरासानी ख्वाजा त्याच्यासाठी शब्द टाकतो आणि त्याला घोड्यासकट मोकळं करून आणतो. धर्मावरून कोंडी झाली ती एका मुसलमान अधिकाऱ्याकडून, आणि सुटका केली तीही दुसऱ्या मुसलमानानेच. दोन्ही गोष्टी त्याने वहीत प्रामाणिकपणे लिहिल्यात. त्याचं लेखन 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने रशियात आजही वाचलं जातं. वास्को द गामा कालिकतला उतरायच्या पंचवीसेक वर्षं आधी युरोपातला एक साधा व्यापारी जुन्नरच्या चिखलात घोडा विकायचं बघत बसला होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी फेरी: दोरखंडाची शिडी

पुन्हा लेण्यात या. दुसरी फेरी घाला. मध्ये बरंच काही घडून गेलंय. १४९० साली मलिक अहमदने बहमनींचं जू फेकून निजामशाही उभारली तेव्हा जुन्नरच तिची पहिली राजधानी होती. मग अहमदनगर वसलं आणि राजधानी तिकडे गेली. १६३० साली शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवबा जन्मले. आता तुम्ही बाहेर येता ते १६५७च्या उन्हाळ्यातल्या एका रात्री. जुन्नर मोगलांकडे आहे.

गल्ली शांत आहे. घरांतून धान्याच्या कणग्यांचा उबट वास येतोय. तटाच्या वर काहीतरी हलतं. दोरखंडाची शिडी. एकामागून एक माणसं आवाज न करता आत उतरतात. पहारेकरी कापले जातात. पहाट होईपर्यंत तीन लाख होन, दोनशे घोडे, जडजवाहीर आणि उंची कापड घेऊन शिवाजी महाराजांचं सैन्य निघून गेलेलं असतं. मोगलांना त्यांनी दिलेला हा अगदी सुरुवातीचा तडाखा. स्वराज्याला घोडे आणि पैसा हवा होता आणि तो कुठे साठलाय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एका रात्रीत तीन लाख होन निघावेत एवढी ही पेठ सधन होती.

ज्या गडावर जन्म झाला तो शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. पुढे शाहू महाराजांच्या काळात तो मराठ्यांकडे आला. दरम्यान पेठेने पुन्हा दुकानं मांडली होती. पेशवाईत जुन्नरचा हातकागद नावाजला गेला. कागदीपुऱ्यात चिंध्यांचा लगदा करून, चौकटीवर कागद उचलून, वाळवून, घोटून गुळगुळीत केला जाई. मराठ्यांच्या दफ्तरातला बराच पत्रव्यवहार जुन्नरी कागदावर टिकून आहे. शहर लुटलं गेलं, पण हातातली कला कुणी लुटून नेली नाही.

तिसरी फेरी: रविवार

शेवटची फेरी घाला आणि बाहेर या. आज रविवार, जुन्नरच्या आठवडे बाजाराचा दिवस.

एसटी स्टँडपासूनच गर्दी लागते. पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट उतरताहेत. कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्यांचा भाव शेकड्यावर पुकारला जातोय. हा सगळा तालुका भाजीपाल्यावर चालतो. टोमॅटोला नारायणगाव, कांद्याला ओतूर, बैलांना बेल्हे, प्रत्येकाचा बाजार वेगळा. पण रविवारी घरचं सामान घ्यायला माणूस जुन्नरलाच येतो. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं इंद्रायणी तांदूळ, नाचणी, रानभाज्या घेऊन आलीत. उन्हाळ्यात आलात तर बाळहिरडा दिसेल. झाडावरून झोडून, खळ्यात वाळवून काळाकुळकुळीत झालेला. घाटघरच्या ज्या पठारावरून तुम्ही बैलांमागे चालत आलात, तिथल्या घरांचा वर्षाचा मोठा आधार हा हिरडा आहे. त्याचा भाव पडला की तिथल्या घरात लग्न पुढे ढकललं जातं.

बाजाराच्या कडेला एक बाई बसलीय. समोर सुपं, दुरड्या, पाट्या रचलेल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिचे हात थांबत नाहीत. कोयत्याने ती बांबूची कामटी उभी चिरते. कोयता नुसता टेकवायचा, बाकी काम बांबूच्या रेषा करतात. मग ती पातळ पट्टी दातात धरते, हाताने ताणते आणि सुपाच्या कडेला एकाआड एक ओवते. "सूप केवढ्याला, मावशी?" विचारा. भाव सांगून ती आधी सूप तुमच्या हातात देईल. "पाखडून बघा, दाणा मागं येतोय का नाय." पाखडा. दाणा मागे येतो, कोंडा पुढे जातो. ज्या बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे मानमोडीवरच्या दात्यांनी आपलं दान सोपवलं होतं, तिचा धंदा या रस्त्यावर अजून चालू आहे. प्लॅस्टिकने त्याचं पोट कापलंय. तिच्याकडे आता कोणी पैसा ठेवत नाही, उलट तिलाच सावकाराकडे जावं लागतं. बाजार टिकला, पण त्यातल्या कष्टकऱ्याची जी पत दगडात कोरलेली आहे ती टिकली नाही. जुन्नरच्या भग्नावशेषांत खरी पडझड कुठली झाली असेल तर ही.

मग दुपारी डोंगर चढा. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या भाविकांनी भरलेल्या असतात. गिरिजात्मजाचं मंदिर अष्टविनायकांतलं, आणि तेही एका लेण्यातच वसलेलं. दर्शनाला जरूर जा. पण बाहेर आल्यावर पाच पावलं टाकून शेजारच्या चैत्यगृहातही जा आणि सुलसदताचा लेख बघा. बहुतेक जण तो न बघताच उतरतात. मानमोडीवर बोलणं हळू ठेवा, अत्तर लावून जाऊ नका. भूतलेण्याच्या कमानीला आग्या मोहोळं लटकलेली असतात. अंबा-अंबिका गटातलं चैत्यगृह अपुरं राहिलंय आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर दानाचे लेख दाटीने बसलेत. त्याच भिंतींवर अलीकडच्या माणसांनी खिळ्याने, कोळशाने आपली नावं ओरबाडली आहेत. राग येतो, यायलाच हवा. कोणी सात खोल्या देऊन नाव कोरलं, कोणी दोन टाकी देऊन. आपण काहीही न देता त्यांच्या नावावर आपलं नाव लिहितो.

हे थांबवायला फार मोठा निधी लागत नाही. प्रत्येक लेखाखाली साध्या मराठीत दोन ओळींची पाटी हवी: कोणी दिलं, काय दिलं. तालुक्यातल्या शाळांची सहल शिवनेरीबरोबर मानमोडीलाही न्यायला हवी. ज्याच्या घरी धान्याचं दुकान आहे अशा पोराला ती पाटी वाचायला लावायला हवी. आपल्याच धंद्यातल्या माणसांनी हे केलंय, हे ज्याला कळलं तो भिंतीवर खिळा चालवणार नाही, आणि दुसऱ्याला चालवूही देणार नाही. पहारेकरी नेमून जे होत नाही ते या एका ओळखीने होईल.

म्हणून जुन्नरला याल तेव्हा रविवारी या. आधी बाजार करा. मावशीकडून सूप घ्या आणि भाव पाडू नका. एखाद्या खानावळीत मासवडी-रस्सा खा आणि मग डोंगर चढा. उतरलात की ज्या दुकानदाराकडून तांदूळ घेतलात त्याच्याकडे पुन्हा जा आणि त्याला त्या सात खोल्यांबद्दल आणि एका टाक्याबद्दल सांगा. दुकान बंद करून यायला त्याला जमणार नसेल, तर पुढच्या वेळी त्याच्या पोराला सोबत घेऊन वर जा.